स्टॉप मोशनसाठी मातीची बाहुली करताय? या चुका टाळा

स्टॉप मोशन म्हणजे बाहुली जराजरा हलवत एकेक फोटो काढायचा; ते सलग चालवले की ती स्वतः हलताना दिसते. सुट्टीत माझ्याकडे ठाण्यात मुलं अशी बाहुली करायला येतात. बहुतेक जण आल्या आल्या डोळे-नाक करायला बसतात. पायांकडे कोणी बघत नाही, आणि बाहुली पडते ती पायांमुळेच.

पहिली चूक मातीची. शाडू गणपतीसाठी उत्तम, पण तो वाळतो आणि वाकवला की तडकतो. इथे न वाळणारी तेलातली माती हवी. अशीच माती म्हणजे प्लॅस्टिसिन. ते १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावी विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने तयार केलं, ते विद्यार्थ्यांची माती वाळू नये म्हणूनच.

दुसरी चूक बाहुलीच्या आतल्या सांगाड्याच्या तारेची. कपडे वाळत घालायची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार हाताशी असते, म्हणून तीच घेतात. ती वाकवून सोडली की थोडी मागे येते. हात वर करून फोटो काढेपर्यंत तो खाली आलेला असतो. बोन्सायसाठी मिळते ती दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार घ्या, दुहेरी करून हलका पीळ द्या. करकचून पिळली तर कडक होते आणि गुडघ्यात लवकर तुटते.

एका मे महिन्यात भाचीबरोबर कोळणीची बाहुली केली होती. डोकं, टोपली, टोपलीतले बोंबील, सगळं भरीव मातीचं. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे १० सेकंदांना १२०. पडदे हलू नयेत म्हणून पंखा बंद, त्यात कळव्याचा उकाडा. माती लोण्यासारखी मऊ झाली. सत्तराव्या फोटोनंतर घोटा दबू लागला, पण इतका हळू की नजरेला कळेना. फोटो सलग चालवून पाहिले तेव्हा दिसलं, कोळीण चालत नव्हती, कलंडत होती. तीन तासांचं काम गेलं. भाची रडली, मलाही फार वाईट वाटलं.

तेव्हापासून डोकं आणि टोपली फॉइलच्या घट्ट गोळ्यावर करते, वर मातीचा पातळ थर. प्रत्येक पावलात एम-सीलने एक नट बसवते आणि एम-सील रात्रभर सुकू देते. मग बाहुली ज्यावर उभी राहते त्या प्लायला भोक पाडून खालून नटात स्क्रू. एम-सील तासाभरात झालं असं धरून घाई करणारे पुन्हा माझ्याकडेच येतात. माती मऊ पडली तर दहा मिनिटं फ्रीजमध्ये.

उंची १५ ते २० सेंटिमीटर पुरे. पांढरी माती आधी हाताळा, लाल शेवटी. मध्ये वेट वाइपने हात पुसा. मोबाइलचा फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, खिडकी झाका, म्हणजे फोटोंतला उजेड बदलणार नाही.

शूटिंगच्या आदल्या रात्री मी बाहुली एकाच पायावर स्क्रू करून उभी ठेवते. सकाळी तशीच असेल, तर मग डोळे लावते.