कोल्हापुरात बसून ६० गिगाहर्ट्झचा अ‍ॅम्प्लिफायर

एम.टेक.ला मी चिपच्या आतल्या बिनतारी नेटवर्कचा विषय घेतला, तेव्हा उद्यमनगरात वर्कशॉप असलेल्या मामांनी विचारलं, "नखाएवढ्या चिपमध्ये वायरलेस कशाला रे?" प्रश्न रास्त होता. चिपमधले कोअर, म्हणजे गणना करणारे भाग, वाढले की एका टोकाचा डेटा दुसऱ्या टोकाला जाताना मधल्या प्रत्येक राउटरवर थांबतो. वेळही जातो, वीजही जाते. लांबचे कोअर रेडिओने जोडले तर एका उडीत काम होतं. ६० गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ५ मिलिमीटर, म्हणून अँटेना चिपवर मावतो. पण सिलिकॉन बरीच ऊर्जा गिळतं, म्हणून चांगला अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सला पैसे नाहीत म्हणून अडून राहू नका. मोफत पर्याय आहेत: सर्किट काढायला एक्सस्कीम, सिम्युलेशनला एनजीस्पाइस, लेआउटला (चिपवरच्या प्रत्यक्ष आखणीला) केलेआउट, इंडक्टरसाठी ओपनईएमएस. एकेक इन्स्टॉल करण्यात माझे पंधरा दिवस गेले. आयआयसी-ओएसआयसी-टूल्स या डॉकर इमेजमध्ये (सॉफ्टवेअरच्या तयार गाठोड्यात) सगळं तयार मिळतं, तीच घ्या. २०२० मध्ये खुलं झालेलं स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीचं १३० नॅनोमीटरचं पीडीके (तिथे चिप बनवण्याचे नियम आणि मॉडेल्स) हात बसवायला उत्तम. ६० गिगाहर्ट्झला मात्र जर्मनीच्या आयएचपीचं एसजी१३जी२ लागेल. त्यातल्या सिलिकॉन-जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा एफटी (करंट गेन १ वर येतो ती फ्रीक्वेन्सी) ३५० गिगाहर्ट्झच्या घरात आहे.

माझं सर्किट कागदावर झकास चाललं. लोडला १०० पिकोहेन्रीचा इंडक्टर, नोडवर एकूण ७० फेम्टोफॅरड, गेनचं (सिग्नल किती पट वाढतो त्याचं) शिखर बरोबर ६० वर. मग लेआउट केला, पॅरासिटिक (मेटलमुळे येणारी नकोशी कपॅसिटन्स वगैरे) धरून पुन्हा रन मारला, तर शिखर ५६ वर! दोन रात्री मी बायसच (ट्रान्झिस्टरचं डीसी सेटिंग) तपासत बसलो. शेवटी कळलं, ट्रान्झिस्टरपासून इंडक्टरपर्यंतच्या रुंद मेटलने १० फेम्टोफॅरड वाढवले होते. इंडक्टर ८८ पिकोहेन्रीवर आणला आणि शिखर जागेवर आलं. या फ्रीक्वेन्सीला तार ही नुसती तार राहत नाही. म्हणून लेआउट शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. पहिल्या आठवड्यातच कच्चा काढा आणि त्याचे आकडे सर्किटमध्ये घाला.

स्टॅबिलिटीही, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आपोआप ऑसिलेट होत नाही ना हे, फक्त ६० ला बघू नका. खालच्या फ्रीक्वेन्सीला ट्रान्झिस्टरचा गेन जास्त असतो, ऑसिलेशन बहुतेक वेळा तिथेच सुरू होतं. के फॅक्टर अगदी खालपासून १०० गिगाहर्ट्झपर्यंत १ च्या वर आहे ना, डेल्टा १ च्या आत आहे ना, हे स्टॅबिलिटीचे दोन्ही आकडे बघा.

आणि पहिला अ‍ॅम्प्लिफायर २.४ गिगाहर्ट्झचाच करा. तिथे १० फेम्टोफॅरडची चूक सहज पचते, आणि एस-पॅरामीटरचे (किती सिग्नल परत फिरतो, किती पुढे जातो याचे) आलेख वाचायची सवय होते.