केल्विन: नाव सांगताना आणि गणित करताना या चुका टाळा

पहिली ठेच नावालाच लागते. 'केल्विन आडनावाच्या शास्त्रज्ञावरून तापमानाच्या या एककाला नाव पडलं,' असं सर्रास लिहिलं जातं. त्यांचं नाव विल्यम थॉमसन. जन्म 1824 चा, बेलफास्टमधला, पण आयुष्य गेलं ग्लासगो विद्यापीठात शिकवण्यात. 1892 मध्ये त्यांना उमरावपद मिळालं आणि किताबासाठी नाव घेतलं गेलं ते विद्यापीठाशेजारून वाहणाऱ्या केल्विन नदीचं. ताऱ्यांचं तापमान आपण स्कॉटलंडमधल्या एका लहानशा नदीच्या नावाने सांगतो, हे मुलांना जरूर सांगावं. एकदा ऐकलं की विसरत नाही.

'1848 साली लॉर्ड केल्विन यांनी निरपेक्ष तापमानश्रेणी (जिचं शून्य म्हणजे शक्य असलेलं सर्वांत कमी तापमान) मांडली' या वाक्यात सालही बरोबर आणि माणूसही, फक्त तेव्हा ते लॉर्ड नव्हते, चोविशीतले प्राध्यापक थॉमसन होते. त्यांचे त्या काळातले निबंध 'केल्विन' नावाने सापडत नसतील, तर 'थॉमसन' शोधून पाहा.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे '300 डिग्री केल्विन'. ही चूक करणाऱ्याला दोष देववत नाही, कारण 1967 पर्यंत अधिकृत नावच तसं होतं आणि जुन्या पुस्तकांत ते अजून दिसतं. त्या साली वजन-मापांच्या 13 व्या सर्वसाधारण परिषदेने 'डिग्री' काढून टाकली. आता मीटर किंवा किलोग्रॅम म्हणतो तसं नुसतं '300 केल्विन' म्हणायचं. खूण इंग्रजी मोठा 'के'. छोटा 'के' म्हणजे किलो.

गणितात उत्तर चुकतंय? आधी शून्य कुठलं धरलंय ते तपासा. दाब कायम ठेवून वायू 27 अंश सेल्सिअसवरून 54 वर नेला, तर आकारमान दुप्पट होईल असं वाटतं. पण आकारमान केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतं. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाण्याचा गोठणबिंदू, आणि केल्विनचं शून्य त्याच्याही 273.15 अंश खाली. म्हणून ढोबळमानाने 27 चे 300 आणि 54 चे 327 केल्विन होतात, आणि आकारमान जेमतेम 9 टक्क्यांनी वाढतं.

तापमानातला फरक काढताना मात्र 273 मिळवू नका. 27 अंशांची वाढ म्हणजे 27 केल्विनचीच वाढ. इथे 300 लिहिलं की पुढचं सगळं गणित कोसळतं.