उन्हाळ्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कसं सांभाळायचं

आम्हा विदर्भवाल्यांना ऊन नवीन नाही, वाळ्याचे पडदे, खिशात कांदा हे लहानपणापासून बघितलंय, पण आता रात्रीसुद्धा घर निवत नाही आणि तेच वयस्कर माणसांना जड जातं. २००३ ला फ्रान्समधे उष्णतेच्या लाटेत जवळपास १५,००० माणसं गेली, बहुतेक म्हातारी, कितीतरी घरातच. म्हणजे ऊन लागायला बाहेर जावंच लागतं असं काही नाही.

पहिलं, "आई, पाणी देऊ का?" हे विचारणं बंद करा. "नको गं, तहान नाही" हेच उत्तर येणार आणि ती खोटं बोलत नसते, वयानुसार तहान कळणंच कमी होतं, घामही कमी येतो. त्यामुळे घड्याळ बघून द्यायचं, तासा-दीड तासाला थोडं थोडं, कधी ताक, कधी लिंबूपाणी, पन्हं (शुगर असेल तर जपून). रात्री उठावं लागतं म्हणून आमचे बाबा मुद्दाम कमी पितात, मग सकाळी आणि दुपारीच जास्त पाजायचं. लघवी गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय.

मग गोळ्या. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, उन्हाळ्यात चक्कर येऊ शकते. मनाने बंद करू नका, मार्चमधेच डॉक्टरांना दाखवून घ्या. हार्ट-किडनीवाल्यांनी पाणी किती प्यायचं तेही तेव्हाच विचारा.

कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद, ही तर घरोघरची चूक! हवेला बाहेर जायला वाट नसली तर खोली नुसती दमट होते. (मुंबई-कोकणात कूलरचा तसाही फारसा उपयोग नाही.) गच्चीला चुना मारा, तापलेल्या स्लॅबखाली त्यांना झोपवू नका. खोलीच ४० च्या वर गेली तर पंखा गरम हवाच फेकतो, मग अंग ओल्या पंचाने पुसत राहायचं.

अंग चटका बसेल इतकं तापलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला की घाम येत असला तरी उष्माघातच समजा. लगेच १०८, तोवर कपडे सैल करून अंगावर पाणी, पंखा, मान, काख, जांघेत बर्फ. पॅरासिटॅमॉल या तापावर चालत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आईवडील गावी एकटे असतील तर दिवसातून दोन फोन, त्यातला एक दुपारी, आणि नुसतं "बरी आहेस ना" नको, जेवायला काय केलं होतंस ते विचारा, उत्तर गोंधळलेलं वाटलं की शेजारच्या काकूंना लगेच घरात डोकवायला सांगा.