बाउंडरी वॉटर्समध्ये दोघांनी मासेमारीला जायचं तर

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून दहा लाख एकरांहून मोठं राखीव जंगल आहे आणि त्यात हजाराहून जास्त तळी. नाव बाउंडरी वॉटर्स कनू एरिया. आत रस्ते नाहीत, बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला बंदी, मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. मिनिआपोलिसहून इली हे गाव गाडीने चारेक तासांवर. तिथून पुढे वल्हं मारायचं. मासे भरपूर आहेत, त्यांची काळजी नको. काळजी करायची ती एका कनूत, म्हणजे अरुंद वल्ह्याच्या होडीत, चार-पाच दिवस काढणाऱ्या दोन माणसांची.

पायरी १: आधी बोलून घ्या

एकाला पहाटे पाचला गळ टाकायचा असतो, दुसऱ्याला नऊला निवांत चहा हवा असतो. दोन्ही चालतं, पण घरीच ठरवा. रोज मुक्काम हलवायचा, की एका जागी तंबू ठोकून आसपासची तळी फिरायची? पहिल्या खेपेला दुसरा पर्याय घ्या. कनूत मागे कोण बसणार हेही ठरवा, कारण दिशा मागचा राखतो. पुढचा जोर लावतो आणि पाण्याखालचा खडक दिसला की ओरडतो. गळ फेकायचा तो एका वेळी एकानेच. दुसऱ्याने वल्ह्याने होडी वाऱ्यात स्थिर धरायची, मग पाळी बदलायची. अरुंद कनूत दोघांनी एकदम काठ्या फिरवल्या की हूक माशाआधी जोडीदाराच्या कानात रुततो.

पायरी २: परवाने

१ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामी जायला आगाऊ परवाना लागतो, आणि प्रत्येक प्रवेशद्वाराचा रोजचा कोटा ठरलेला असतो. आरक्षण जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी उघडतं. लेक वन, मूस लेक अशी नावाजलेली प्रवेशद्वारं लवकर भरतात. अर्जात जोडीदाराचं नाव पर्यायी गटप्रमुख म्हणून आठवणीने घाला. परवाना हातात घ्यायला नाव नोंदवलेलाच माणूस लागतो, आणि आदल्या दिवशी तुम्ही तापाने फणफणलात तर सगळंच बारगळेल. मासेमारीचा परवाना मात्र प्रत्येकाचा वेगळा. परराज्यातल्या माणसाला थोड्या दिवसांचाही मिळतो. किती आणि केवढे मासे ठेवता येतात, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघून घ्या.

पायरी ३: कधी जायचं

वॉलाय या माशाचा हंगाम मेच्या मध्याला उघडतो, आणि तेव्हापासून जूनच्या मध्यापर्यंत तो उथळ पाण्यात सापडतो. त्याच दिवसांत काळ्या माश्या आणि डास जीव नकोसा करतात. डोक्यावरून घ्यायची जाळी न्याच. ऑगस्टअखेर किडे कमी होतात, स्मॉलमाउथ बास हा मासा गळाला चांगला लागतो. माझं मत विचाराल तर नवख्यांनी तेव्हाच जावं. मेमधलं पाणी नुकतंच बर्फातून सुटलेलं असतं; कनू उलटली तर थंडीने हातपाय काही मिनिटांत गळतात. लाइफ जॅकेट कायम अंगात हवं, कोणत्याही महिन्यात.

पायरी ४: ओझं

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला कनू आणि सामान पायवाटेने वाहून न्यावं लागतं, त्याला पोर्टेज म्हणतात. अंतर नकाशावर ‘रॉड’मध्ये दिलेलं असतं, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. १०० रॉड म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर, काहीच नाही असं वाटतं. पण सामान दोन खेपांत नेलं की तेच अंतर तीनदा चालावं लागतं, दीड किलोमीटर, तेही चिखलातून आणि दगडांवरून. म्हणून केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची हलकी कनू भाड्याने घ्या. ती वीसेक किलोची असते, ॲल्युमिनियमची तिसाच्या पुढे जाते. एकाने कनू आणि हलकी पिशवी घ्यायची, दुसऱ्याने मोठी पिशवी आणि काठ्या.

खाण्यापिण्याचे डबे किंवा बाटल्या पत्र्याच्या अथवा काचेच्या असतील तर आत नेता येत नाहीत. आईने दिलेलं लोणचं प्लास्टिकच्या डबीत काढून घ्या.

पायरी ५: गळाचं सामान

माणशी एक मध्यम काठी, आठ पौंड ताण सोसणारा दोरा, थोडे जिग (वजन जडवलेले हूक) आणि दोन-तीन कृत्रिम मासे पुरतात. नॉर्दर्न पाइकचे दात दोरा कापतात, त्यासाठी तारेचे दोन लीडर, म्हणजे दोरा आणि हूक यांच्या मधले तुकडे, ठेवा. वॉलायला जिगवर जळू लावून तळालगत हलवायची, सांजावताना. कनूमागे गळ ओढत तळं पार करणं ही आळशी पद्धत, पण फळते. सीमा काही तळ्यांच्या मधोमध जाते. पलीकडे ऑन्टारिओचे नियम लागू होतात, तेव्हा नकाशा समोर असू द्या.

पाइकमध्ये इंग्रजी वायसारखे काटे असतात म्हणून कित्येकजण तो सोडून देतात. काटे काढत मासे खाल्लेल्या आपल्या लोकांनी घाबरू नये. हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवला की झालं.

पायरी ६: आत गेल्यावर

मोठं तळं सकाळी पार करा, दुपारी वारा चढतो. वाऱ्यात अडकण्यासाठी एक मोकळा दिवस धरा. तंबू ठरवून दिलेल्या जागीच, शेकोटी तिथल्या लोखंडी जाळीतच. कोरड्या दिवसांत तीही बंद असते, म्हणून स्टोव्ह न्या. पाणी गाळून किंवा उकळून प्या. अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवा किंवा झाडाला उंच, खोडापासून दूर टांगा. माशांची घाण पाण्यापासून दोनशे फूट लांब पुरा. उरलेलं आमिष तळ्यात कधीच टाकू नका.

मार्ग आणि परतीची तारीख घरच्या कुणाकडे लिहून ठेवा, आणि किती उशीर झाला तर शेरीफला (तिथल्या पोलीसप्रमुखाला) कळवायचं तेही सांगा. परतताना रेंज आली की पहिला फोन त्या घरच्या माणसालाच.