ऑनलाइन कोर्स बनवताना 'लर्निंग स्टाईल'चं काय करायचं, माझ्या मोडीच्या कोर्सवरून

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात एक ट्रंक आहे, आजोबांच्या वेळची, मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कागदांनी भरलेली. ते वाचणारं कोणी उरलं नाही म्हणून मी मोडी शिकलो, मग काकू म्हणाल्या मला पण शिकव, मग भाचा, मग पुण्याचे दोघं चुलतभाऊ, शेवटी म्हटलं ऑनलाइन कोर्सच करून टाकू.

आणि पहिल्याच पायरीला माती खाल्ली.

झालं काय की मी आधी सगळ्यांना फॉर्म पाठवला, तुम्हाला बघून शिकायला आवडतं, ऐकून, वाचून का करून, म्हणजे तुमची 'लर्निंग स्टाईल' कुठली. ही विभागणी नील फ्लेमिंग नावाच्या न्यूझीलंडच्या शिक्षकाची, १९८७ च्या सुमाराची, वार्क म्हणतात तिला. फॉर्म आल्यावर मी प्रत्येकाला वेगळा ट्रॅक दिला. काकूंनी 'ऐकून' लिहिलेलं, म्हणून त्यांना सगळे ऑडिओ. तीन आठवड्यांनी काकूंना मोडीचा इतिहास तोंडपाठ आणि ओळ एक वाचता येईना. अहो, अक्षर कानाने कसं वाचणार! चूक त्यांची नाही, माझी.

मग शोधलं तर कळलं की २००८ सालीच चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं सगळं संशोधन चाळून सांगितलंय की आवडीच्या स्टाईलने शिकवलं म्हणून माणूस जास्त शिकतो याला धड पुरावा नाही. आवड असते, ती खरी, पण शिकवायची पद्धत ठरवते ती शिकायची गोष्ट. तेव्हा फॉर्म बाजूला ठेवा आणि हे करा.

आधी प्रत्येक धड्याच्या वर एक ओळ लिहा, हा धडा संपल्यावर माणसाला काय करता आलं पाहिजे. 'समजेल', 'ओळख होईल' असलं लिहायचं नाही, करता येईल असं काहीतरी लिहा. मग स्वतःला विचारा की हे करताना डोळा लागतो, कान लागतो का हात. मोडीत पानभर रेघ आधी ओढतात आणि अक्षरं मग तिला टांगतात, हात फारसा न उचलता. हे मी दोन पानं लिहून सांगितलं असतं तरी डोक्यावरून गेलं असतं. इथे वरून घेतलेला हाताचा व्हिडिओच पाहिजे, आणि बघून झाल्यावर समोरच्याने कागदावर तेच गिरवून फोटो पाठवायचा. सगळ्यांनी, 'ऐकून' वाल्यांनी पण.

पण पुढचा धडा बघा. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक करत नाहीत, त्यामुळे अर्धं वाचन अंदाजाने चालतं, आणि अंदाज कधी येतो तर जुनी भाषा कानात बसलेली असली की. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' हे दहा वेळा ऐकलेलं असेल तर 'अखं' दिसताच पुढचं आपोआप जिभेवर येतं. म्हणून इथे ऑडिओ, आणि परत सगळ्यांना. मोडीचा इतिहास मात्र अर्ध्या पानात लिहून मोकळा झालो, त्याला व्हिडिओ कशाला.

मग माणसामाणसात फरक नसतोच का? असतो ना, भरपूर, फक्त तो फॉर्ममध्ये सापडत नाही. भाचा गुजराती मीडियमचा, घरात मराठी बोलतो पण देवनागरी अडखळत वाचतो (बडोद्यात अशी मुलं घरोघरी), त्याच्यासाठी तक्त्यात मोडी आणि देवनागरीच्या शेजारी गुजराती अक्षराचा तिसरा रकाना टाकला आणि गाडी सुटली. काकूंना मोबाईलवर बारीक दिसत नाही, म्हणून मोठ्या अक्षराची पीडीएफ, प्रिंट काढता येईल अशी. चुलतभाऊ बसमध्ये बघतो, आवाज बंद असतो, म्हणून सबटायटल. आधी काय येतं, फोन कसला, वेळ किती, डोळे कसे, एवढंच विचारा.

तसं बघितलं तर सयाजीरावांच्या काळात आपल्या बडोद्याच्या ग्रंथालय खात्याची व्हिज्युअल इन्स्ट्रक्शनची शाखाच होती, ज्यांना पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पण चित्रं पोचायची. असो.

व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवर ६९ लाख वेळा बघितलेल्या व्हिडिओंचा अभ्यास २०१४ मध्ये झाला होता, त्यात पण बघणारे सहाएक मिनिटंच टिकतात असं निघालं. आणि स्लाईडवर लिहिलेलीच वाक्यं वाचून दाखवू नका, माणूस धड वाचतही नाही आणि ऐकतही नाही. बॅकग्राउंड म्युझिक तर टाकूच नका, मी टाकलं होतं, बासरी.

सगळ्यात जास्त वेळ मात्र क्विझवर घालवा. २००६ चा एक प्रयोग आहे, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या टेस्टमध्ये पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून मी रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एका मोडी ओळीचा फोटो टाकतो, तक्ता न बघता वाचायची, उत्तर व्हॉइस नोटने द्या का टाईप करून, इथे मर्जी तुमची. आज शिकवलेलं अक्षर परवा परत येतं, मग पुढच्या आठवड्यात, मग महिन्याने, लोक वैतागतात पण वैतागू द्या.

पूर्ण कोर्स बनवून मग दाखवू असं तर अजिबात नको. एक धडा झाला की एका माणसाला शेजारी बसवा आणि तोंड बंद ठेवून नुसतं बघा. मी काकूंना बसवलं, चौथ्या मिनिटाला त्या थांबल्या, स्क्रीनवर दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अरे, ते 'क' परत बघायचंय, मागे कसं जायचं यात?" त्या दिवशी मी प्रत्येक अक्षराची वेगळी क्लिप कापायला बसलो.