खाल्लेलं अंगी लागत नाही? जेवणाच्या या चुका टाळा

वेंगुर्ल्याला माझी मावशी पावसाळ्यात रोज एक पालेभाजी करते. कधी टाकळा, कधी शेवग्याचा पाला, कधी तांबडा माठ, सोबत कुळथाची पिठी. तरी तिचं हिमोग्लोबिन ९ वरच अडकलेलं. बाईमाणसाला ते किमान १२ तरी हवं. तिनं भाजी दुप्पट केली, फरक काही पडेना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "जेवल्यावर चहा घेता?" घ्यायची. हात धुतला की लगेच कोरा चहा, दोन्ही वेळा.

ही चूक आपल्याकडे घरोघरी होते, म्हणून नीट सांगते. लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं, पण लोह शोषलं जातं ते मुख्यतः त्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागात. तिथून पुढे सरकलेलं बहुतेक लोह परत मिळत नाही. भाजी-कडधान्यांतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्यात चहातले टॅनिनसारखे घटक त्याला धरून बसतात आणि ते तसंच शौचावाटे निघून जातं. चहा सोडायला नको, जेवणापासून तास-दोन तास लांब ठेवा. पानात लिंबाची फोड घ्या आणि ती खरंच पिळा. भाजीबरोबर बांगड्याची एक तुकडी असली तर आणखी बरं, कारण माशामुळे भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. गोळ्यांनी शौचाला काळसर होतं, त्याला घाबरून त्या बंद करू नका. गोळ्या चालू नसताना डांबरासारखं काळं झालं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एवढं करूनही रक्त वाढत नसेल तर जंतांचा विचार करा. शौचाची घाण मिसळलेल्या ओल्या मातीत अनवाणी वावरलं की अंकुशकृमीच्या अळ्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. लावणीच्या दिवसांत आपण शेतात अनवाणीच असतो. मासिक पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजून गप्प राहण्यात बायकांची वर्षं जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

भात वेळून पेज ओतून देणं ही दुसरी चूक. त्या पाण्यात ब गटातली जीवनसत्त्वं उतरलेली असतात. पेज मीठ घालून प्या, नाहीतर आमटीत घाला. उकड्या तांदळाला कमी लेखू नका. भात म्हणजे साळ उकडताना कोंड्यातली काही जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, म्हणून कांडून कोंडा काढल्यावरही ती बऱ्यापैकी टिकतात.

वजनाच्या भीतीनं जेवणातून तेल-खोबरं पार काढून टाकणारेही भेटतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय नीट शोषली जात नाहीत. लाल भोपळ्याच्या भाजीवर मूठभर ओलं खोबरं पुरे. वाटीवाटीनं नको, त्यातली चरबी संपृक्त असते.

आता जळजळ. रोज उठून आम्लपित्ताची गोळी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की जठरातलं आम्ल पचनाला लागतंच. प्रथिनं फोडायला ते हवं, अन्नातलं लोह आणि ब-१२ मोकळं व्हायलाही हवं. महिनोन् महिने ते दाबून ठेवलं तर ब-१२ कमी पडू शकतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर थांबवू नका, पण दुकानातून आपल्या मनानं आणलेली किती दिवस चालू आहे ते त्यांना जरूर सांगा. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. दुपारी पडायचंच असेल तर डाव्या कुशीवर पडा. आपली वामकुक्षी तीच, आणि त्या कुशीवर आम्ल घशाकडे कमी चढतं.

मावशी आता चार वाजता चहा घेते, चुलीपाशी बसून, निवांत.