जमिनीतून निघालेलं टोपीचं रिव्हॉल्वर: तपासावं कसं, टिकवावं कसं

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळातली, मातीतून निघालेली कोल्ट आणि रेमिंग्टन कंपन्यांची टोपीची रिव्हॉल्वरं, म्हणजे हॅमरच्या ठोक्याने तांब्याची स्फोटक टोपी फुटून बार उडणारी, आजही विकली जातात. असा तुकडा हाती आला की गंज घासायला हात शिवशिवतात. थांबा. तो अजून भरलेला असू शकतो.

नळी रिकाम्या दिशेला ठेवून आधी सिलिंडर (गोळ्यांचे कप्पे असलेला फिरता भाग) पाहा. मागे निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ खुंटीवर, हिरवट कवच दिसलं तर ती तांब्याची टोपी असू शकते. समोरून कप्प्यात पांढुरका, गुळगुळीत उंचवटा दिसला तर ती शिशाची गोळी समजा. हॅमरखालचा कप्पा नळीआड असतो, त्यामुळे नळी मातीने बुजली असेल तर एक्स-रेशिवाय काही कळत नाही. काळी दारू, म्हणजे बारूद, दीडशे वर्षांनीही पेटते, ओली होऊन वाळली तरी. शंका असेल तर ड्रिल, उष्णता, विजेचा प्रवाह काहीही लावू नका; पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला कळवा.

मग खरेपणा. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ मॉडेलची नळी अष्टकोनी, कॅलिबर (नळीच्या आतल्या व्यासाचं इंचातलं माप) .३६, कप्पा त्याहून थोडा मोठा, साधारण साडेनऊ मिलिमीटरचा. १८६० च्या ‘आर्मी’ मॉडेलची नळी गोल, कॅलिबर .४४. पितळी फ्रेमची .४४ ‘नेव्ही’ दाखवली तर ती आधुनिक इटालियन नक्कल. मीठ-आम्लात गंजवून ‘उत्खननातली’ म्हणून खपवतात. अस्सल गंज थराथराचा, ओबडधोबड असतो आणि त्यात वाळूचे कण रुतलेले असतात. सगळीकडे सारखे खड्डे दिसले तर संशय घ्या.

कुठून निघालं हेही विचारा. अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवरून परवानगीशिवाय पुरावस्तू काढणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. भारतात शस्त्र कायदा, १९५९ मधली सूट दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या जुन्या हत्यारालाच मिळते. नुसतं जुनं असून भागत नाही.

खरा शत्रू क्लोराइड, म्हणजे मातीतलं मीठ. कपाटात ठेवलेल्या लोखंडावर मधाच्या रंगाचे बारीक थेंब येतात आणि मग पापुद्रे सुटतात. त्या पापुद्र्यावरच अनुक्रमांक असू शकतो, म्हणून तारेचा ब्रश नको. बांबूची काडी आणि मऊ ब्रश पुरे.

रिकामी असल्याची खात्री झालेली सुटी लोखंडी नळी किंवा सिलिंडर २ टक्के कॉस्टिक सोड्यात भिजवा: १ लिटर डिस्टिल्ड पाण्याला २० ग्रॅम, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही; हातमोजे आणि चष्मा हवाच. दर दोन-तीन आठवड्यांनी द्रावण बदला, चाचणीपट्टीवर क्लोराइड दिसेनासं होईपर्यंत. याला महिने लागतात. नंतर धुऊन, पूर्ण वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा.

अख्ख्या रिव्हॉल्वरला मात्र हे करू नका. चापाभोवतीचं कडं पितळी असतं, कॉस्टिकने ते बिघडतं. गंजलेले स्क्रू जोर लावला की तुटतात, म्हणून सुटं करण्याचा हट्टही नको. अख्खं रिव्हॉल्वर हवाबंद डब्यात, भरपूर सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह ठेवा. काटा १५ टक्क्यांच्या वर गेला की जेल बदला. मुंबई-कोकणात पावसाळाभर दर आठवड्याला पाहावं लागेल.